टकल्याची खोली : बडोद्यातल्या एका टाकीत काळ्या कॅल्व्हसची वीण

१७ जुलै २०२३. माझ्या वहीत या तारखेपुढे एवढंच लिहिलंय : "मडकं रिकामं. तिसऱ्यांदा." कॅल्व्हस माशाची मादी दोन दिवस आत ठाण मांडून होती, पंखांनी वारा घालत होती, नर तोंडाशी घुटमळत होता. म्हणजे अंडी घातली होती, यात शंका नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली. टॉर्च मारून बघितलं तर आतल्या भिंतीवर काही नाही. अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, बुरशीचा ठिपकाही नाही.

त्या संध्याकाळी मी टाकीत आणखी थोडं मॅग्नेशियम सल्फेट टाकलं.

आता ते वाचलं की हसू येतं. पण मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस आहे, इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात, आणि नोकरी शहराबाहेरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत करतो. दिवसभर पाण्याचे नमुने तपासणं हेच काम. घरच्या टाकीत काही बिनसलं की माझा हात आधी परीक्षानळीकडे जातो. अडीच वर्षं या माशांच्या बाबतीत तो तिकडेच जात राहिला, आणि खरी अडचण पाण्यात नव्हतीच. ती सापडेपर्यंत काय काय केलं, कुठे चुकलो आणि सापडल्यावर खात्री कशी करून घेतली, ते इथे क्रमाने लिहितोय. कॅल्व्हस पाळणारे आपल्याकडे थोडे आहेत आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते : मासा जगतो, पण वीण होत नाही.

हा मासा

अल्टोलॅम्प्रोलॉगस कॅल्व्हस हा आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचा रहिवासी. जगात दुसरीकडे कुठेही तो नैसर्गिकरीत्या सापडत नाही. त्या सरोवरातही सगळीकडे नाही. नैऋत्येकडच्या, म्हणजे झांबिया आणि काँगोच्या खडकाळ किनाऱ्यालगतच तो राहतो. बेल्जियन मत्स्यशास्त्रज्ञ मॅक्स पोल यांनी १९७८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचा जवळचा भाऊबंद कॉम्प्रेसिसेप्स मात्र १८९८ पासूनच बुलेंजर यांच्यामुळे शास्त्राला ठाऊक होता. लॅटिनमध्ये 'कॅल्व्हस' म्हणजे टक्कल पडलेला. डोक्यावर आणि मानेवर खवले नसतात म्हणून हे नाव. आमच्या घरात मोठ्या नराला त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून 'टकल्या' म्हणतात.

समोरून पाहिलं तर हा मासा जवळजवळ दिसतच नाही, इतका चपटा. बाजूने पाहिलं तर लांबट तोंड, काळपट अंग आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. हा चपटेपणा उगाच नाही. खडकांच्या फटीत घुसून लपलेले झिंगे आणि दुसऱ्यांची पिल्लं टिपणं हा त्याचा धंदा. कोणी हल्ला केला तर पळत नाही. अंग वाकवून जाड खवल्यांची बाजू पुढे करतो. नर टाकीत तेरा-चौदा सेंटिमीटरपर्यंत जातो, मादी नऊ-दहावर थांबते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येऊन ठेपणार आहे.

आणि वाढ? अगदी गोगलगायीची. वयात यायला साधारण दोन वर्षं. गप्पीसारखं महिन्याभरात टाकी भरून टाकणारं हे प्रकरण नव्हे.

माझी टाकी

चार फूट बाय दीड बाय दीड. दगड आणि वाळू वजा जाता साधारण २२० लिटर पाणी. खाली बारीक वाळू, मागे दगडांचा ढीग, एक कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्याचा) आणि एक स्पंज फिल्टर. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईच्या एका हौशी गृहस्थाकडून चार-चार सेंटिमीटरची सहा पिल्लं रात्रीच्या बसने थर्माकोलच्या खोक्यात आली. किती पैसे दिले ते घरात निम्मंच सांगितलंय, इथेही सांगत नाही. सोबतीला दोन ज्युलिडोक्रोमिस होते, तेही टांगानिकाचेच. त्यांना ठेवणं ही चूक होती, पण तिची किंमत नंतर मोजली.

खाणं : कोळंबी. आमच्याकडे कोळंबीची खिचडी होते त्या रविवारी पहिला वाटा टाकीचा. सोलून, अगदी बारीक चिरून, धुऊन, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायची. चरबीचं मांस या माशांना अजिबात देऊ नये, पोट फुगून मरतात. आठवड्यातून एक दिवस उपास. एकादशी जमली तर उत्तम, आईला बरं वाटतं.

पाणी, ज्यात दोष नव्हता

टांगानिकाचं पाणी क्षारयुक्त आहे. पीएच ८.६ ते ९.२, विद्युतवाहकता साधारण ६०० ते ७०० मायक्रोसीमेन्स, आणि त्यातले मुख्य क्षार सोडियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट. इतक्या प्रचंड जलाशयाचं पाणी दिवसागणिक बदलत नाही. पृष्ठभागाजवळ तापमान चोवीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान राहतं.

बडोद्याला पाणी येतं ते महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून, सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजव्याच्या तलावातून आणि नर्मदेच्या कालव्यातून. शिवाय इमारतीचं बोअरिंग. आमचं बोअरिंग असं की बादली वाळली तर तळाशी पांढरं कडं. टीडीएस ९५०. दुकानदाराने पहिल्याच दिवशी मीटर बुडवून मान हलवली : "साहेब, आ पाणी तो बहु भारे छे, आरओ नाखो." मी आरओ टाकलं, महिनाभर. मासे मलूल, रंग उडालेला. मऊ पाणी टांगानिकाच्या माशाला दिलं की काय होतं, ते त्या महिन्यात शिकलो. मग उलट्या टोकाला गेलो, निव्वळ बोअरिंग.

टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतो. ते क्षार कोणते, हे सांगत नाही. आमच्या बोअरिंगमध्ये क्लोराइड भरपूर, आणि ते टांगानिकाच्या पाण्याशी जुळत नाही. शेवटी एक भाग बोअरिंग आणि दोन भाग नळाचं, एक दिवस साठवून क्लोरीन उडवलेलं, असं मिश्रण ठरलं. टीडीएस साडेचारशेच्या आसपास.

दुसरी गोष्ट माझ्यासारख्याने चुकायला नको होती. बोअरिंगचं ताजं पाणी तपासलं की पीएच ७.४ यायचा. मी घाबरून खायचा सोडा घालायचो. पण जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. एअर पंप लावून ते एक दिवस ठेवलं की वायू उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो. आमचं मिश्रण चोवीस तासांनी ८.३ वर जाऊन बसायचं. वर सोडा पडला की आणखी वर, पुढच्या पाणीबदलाला पुन्हा खाली. कारखान्यात एखाद्या मुलाने नमुना असा घाईत तपासला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

या काळात दोन मासे गेले. कारण साधंच. कॅनिस्टरचा स्पंज मी नळाखाली खळखळून धुतला. क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मारले आणि दोन दिवसांत अमोनिया चढला. पीएच ७ वर असता तर कदाचित निभावलं असतं. अमोनियाचं विषारी रूप २५ अंशाला पीएच ७ वर एकूण अमोनियाच्या एका टक्क्यालाही पोहोचत नाही, पीएच ८.५ वर तेच सुमारे १५ टक्के होतं, आणि पाणी ३१ अंशावर गेलं तर २० टक्क्यांच्या वर. टांगानिकाच्या टाकीत म्हणूनच फिल्टरशी खेळ नको. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, आणि तोही अर्धाच.

उरले चार : टकल्या, दोन माद्या, आणि एक लहान नर. तो सदा कोपऱ्यात, शेपटी कुरतडलेली. त्याला २०२३ च्या सुरुवातीला एका मित्राकडे पाठवला.

तीन रिकामी मडकी

मादी वयात आली ते दिसलंच. पोट भरलेलं, मडक्यात ये-जा, टकल्याचं अंग काळंभोर होऊन तिच्यासमोर थरथरणं. मडकी म्हणजे वाडीतल्या कुंभाराकडून आणलेली छोटी सुगडं, संक्रांतीची उरलेली. त्यांचं तोंड पाचेक सेंटिमीटर. शिवाय दोन इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे. टाकीत गुहा आहेत, मादीला निवड आहे, झालं, असं मी धरून चाललो.

मार्चमध्ये एकदा, मेमध्ये एकदा, जुलैमध्ये एकदा. प्रत्येक वेळी तेच : मादी आत, दोन दिवस, बाहेर, रिकामं. पहिल्या वेळी वाटलं, नवखी आहे, अंडी खाल्ली असतील. दुसऱ्या वेळी वाटलं, उन्हाळा. तिसऱ्या वेळी मात्र मी पाण्यावर पोहोचलो. फलन होत नसेल, मॅग्नेशियम कमी असेल, कॅल्शियमशी त्याचं प्रमाण बिघडलं असेल. वहीत तीन पानं आकडेमोड आहे. ती आकडेमोड बरोबर आहे, एवढंच तिच्याबद्दल चांगलं सांगता येईल.

नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली. अकरा वर्षांची. तिला टाकीसमोर बसवलं की दोन तास घर शांत. मादी पुन्हा सुगडात शिरली होती. मी जुना मोबाइल टेकूला लावून रात्री व्हिडिओ सुरू करून ठेवला, खोलीत झिरोचा दिवा. सकाळी भाचीने तो बघायला घेतला. आपण मोठे लोक व्हिडिओ पुढे ढकलत बघतो, तिने दीड तास सलग बघितला.

"मामा, तो आत जातो."

"कोण?"

"टकल्या. अख्खा आत. शेपटी पण नाही दिसत. आणि ती बाहेर उभी राहते."

मी बघितलं. चार मिनिटं तो आत होता. बाहेर आला तेव्हा तोंड चघळल्यासारखं हलत होतं. मग मादी आत गेली, थोडा वेळ फिरली, आणि बाहेर येऊन वाळूवर टेकली.

कॅल्व्हसची रीत अशी : मादी अशा जागी अंडी घालते जिथे नराला शिरता येत नाही. खडकाची अरुंद फट, नाहीतर रिकामा शंख. ती आत अंडी चिकटवते, नर तोंडाशी राहून आपलं काम करतो, मादी पंखांनी पाणी ओढून ते आतपर्यंत पोहोचवते. नंतर राखण आतून तीच करते, बाहेरची फळी नर सांभाळतो. अंड्यांच्या आणि नराच्या मध्ये एक भिंत हवी, हे या व्यवस्थेचं मूळ. मी दिलेल्या प्रत्येक गुहेचं दार टकल्याला पुरेसं मोठं होतं. पाच सेंटिमीटर म्हणजे त्याच्यासाठी महादरवाजा.

हे मला वाचून माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. फक्त मी सुगडाचं तोंड कधी मोजलं नव्हतं.

शंख

आता मोजमाप. मासा चपटा, म्हणून सगळे त्याच्या जाडीचा विचार करतात आणि दगडाच्या उभ्या फटी बनवतात. पण गोल तोंडाच्या शंखाला जाडीशी घेणं नाही. तिथे अडते ती माशाची उंची. काचेला स्केल चिकटवून, मासे जवळ येतील तेव्हा फोटो काढून मी उंची काढली. बारा सेंटिमीटरच्या टकल्याची, पाठीचे पर मिटलेले असताना, साधारण चार सेंटिमीटर. मोठ्या मादीची २.६. म्हणजे तोंड तीन ते साडेतीनच्या मध्ये हवं, आणि शंख इतका खोल की मादी शेपटीसकट आत मावेल.

आधी तलावातल्या गोगलगायींचे रिकामे शंख आणले. तोंड ठीक, पण पोट उथळ, मादीचं अर्धं अंग बाहेर. दोन दिवसांत काढले.

मग आत्याची टोपली आठवली. आत्या दरवर्षी द्वारकेला जाते आणि तिथल्या दुकानांतून शंख-शिंपले आणते. देवघरात, कुंड्यांत, टीव्हीच्या वर, सगळीकडे तेच. मी वर्नियर कॅलिपर घेऊन तिच्या घरी गेलो. तिने चहा टाकला आणि मी जमिनीवर बसून अकरा शंखांची तोंडं मोजली.

"देवाच्या वस्तूंना पट्टी लावतोस?" ती म्हणाली.

"आत्या, यातला कुठला पूजेतला आहे ते सांग, तो सोडून देतो."

पूजेतला एकच निघाला, आणि नेमका तोच मापाचा होता. तो सोडला. बाकीच्यांत तीन जमले. ते घरी आणून तासभर उकळले, आठवडाभर पाणी बदलत भिजवले. एकात वाळलेलं काहीतरी अडकलं होतं, त्याचा वास दोन दिवस बाल्कनीत होता. रंगवलेले, चकचकीत पॉलिश केलेले शंख घेऊ नयेत.

११ फेब्रुवारी २०२४ ला तिन्ही शंख वाळूत तिरके रोवले, तोंड वर आणि किंचित पुढे, दगडाच्या आडोशाला, पण फिल्टरचा हलका प्रवाह पोहोचेल असे. सुगडं आणि पाइप काढून टाकले. त्याच सुमारास सोडा आणि मॅग्नेशियमही बंद केलं. हे दोन्ही एकदम केलं ही पद्धतीची चूक. कशाने फरक पडला ते नंतर वेगळं काढावं लागलं, त्याबद्दल पुढे.

नवव्या दिवशी मोठी मादी मधल्या शंखात. टकल्या तोंडाशी आला, नाक घातलं, डोळ्यांपर्यंत गेला आणि अडकला. मागे सरला. पुन्हा तिरका होऊन प्रयत्न केला. मग बाहेरच थरथरू लागला. त्या दिवसापासून मादी बाहेर दिसेना. फक्त शंखाच्या अंधारातून दोन डोळे. ४ मार्चला शंखाच्या ओठावर पहिलं पिल्लू दिसलं, तांदळाच्या कण्यापेक्षा बारीक, पोटावर टेकून उड्या मारणारं. मी अकरा मोजली. रात्री भाचीला फोन केला.

पुढच्या रविवारी एकही नव्हतं. ज्युलिडोक्रोमिसच्या जोडीने दगडाच्या फटीत बसून एकेक टिपलं असणार. त्यांची रवानगी त्याच दिवशी दुसऱ्या टाकीत.

पिल्लं

एप्रिलमध्ये दुसरी वीण, त्याच मादीची, त्याच शंखात. या वेळी वाट बघितली नाही. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पण पिल्लं पिवळा बलक संपेपर्यंत आतच राहतात. दहा ते चौदा दिवसांच्या दरम्यान बाहेर येऊ लागतात. दहाव्या दिवशी मी शंख पाण्याखालीच हळूच उचलला, तोंड किंचित वर ठेवून मादी बाहेर येईपर्यंत थांबलो (ती चांगलीच चावली) आणि शंख एका भांड्यात बुडवून दीड फुटी टाकीत नेला. तिथे त्याच टाकीचं पाणी, एक जुना झालेला स्पंज फिल्टर, तळाला काही नाही. शंख पाण्याखाली उलटा करून हळूहळू फिरवत राहिलो की पिल्लं वाहून बाहेर पडतात. एक्केचाळीस.

त्यांचं खाणं म्हणजे ताजं फुटलेलं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला सूक्ष्म झिंगा), दिवसातून दोनदा. थंड पेयाची एक लिटरची बाटली उलटी टांगायची, त्यात साधारण तीस ग्रॅम जाडं मीठ, तळातून हवा, जवळ दिवा. अठ्ठावीस अंशाला चोवीस ते छत्तीस तासांत अंडी फुटतात. मग हवा बंद, दिवा तळाशी. नारिंगी ढग खाली जमतो, टरफलं वर तरंगतात. नळीने ढग ओढून घ्यायचा, कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवायचा. दोन बाटल्या एक दिवसाच्या अंतराने चालवल्या की रोज ताजं मिळतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन बुडबुडणाऱ्या बाटल्या चार महिने होत्या. आईने त्यांना नावं ठेवली, पण फेकल्या नाहीत.

वाढीबद्दल अपेक्षा ठेवू नका. तीन महिन्यांत एक-सव्वा सेंटिमीटर, सहा महिन्यांत जेमतेम अडीच.

आणि मे. बडोद्याचा मे कूलर ठेवणाऱ्यांनाही सोसत नाही. बाहेर त्रेचाळीस, टाकी साडेएकतीस. गरम पाण्यात प्राणवायू कमी, अमोनिया जास्त घातक. चिलर परवडणारा नव्हता. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे बसवले; कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी साडेअठ्ठावीसपर्यंत उतरतं. पावसाळ्यात दमट हवेत हा उपाय जवळजवळ निकामी, पण तेव्हा त्याची गरजही तेवढी नसते. एक भानगड मात्र झाली. रोज चार-पाच लिटर पाणी उडायचं आणि मी तेवढंच मिश्रण वरून भरायचो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. तीन आठवड्यांत टीडीएस साडेचारशेवरून पावणेसहाशेवर. उडालेलं पाणी भरायला क्षारमुक्त पाणीच हवं. म्हणजे ज्या आरओला मी तीन वर्षांपूर्वी शिव्या दिल्या होत्या, तो शेवटी कामाला आला, फक्त वरची पातळी भरण्यापुरता.

ऑगस्ट

२६ ऑगस्ट २०२४, जन्माष्टमी. पाऊस थांबेना आणि विश्वामित्री पात्र सोडून शहरात शिरली. बडोद्यात पूर नवा नाही, पण या वेळी लोकांच्या अंगणात मगरी आल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, घर कोरडं. वीज बावन्न तास गेली.

पिल्लांच्या टाकीला बॅटरीवरचा एअर पंप होता. मोठ्या टाकीला मी आणि आई आळीपाळीने तांब्याने पाणी वर उचलून धार सोडत होतो, दर तासाला दहा मिनिटं, रात्री गजर लावून. खाणं पूर्ण बंद. पंख्यांचा प्रश्न नव्हता, हवा गार होती. तिसऱ्या रात्री आम्ही दोघंही गाढ झोपलो, आणि पहाटे तीनच्या सुमारास वीज आली.

कॅनिस्टरचं बटण चालूच राहिलं होतं. बंद डब्यात दोन दिवस पाणी साचलं की आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरून सडतात, आणि फिल्टर सुरू होताच ते सगळं एका दमात टाकीत येतं. सकाळी खोलीत सडक्या अंड्याचा वास. टकल्या वर तोंड काढून होता, लहान मादी स्पंज फिल्टरपाशी. मोठी मादी शंखाजवळ आडवी.

वीज गेली की कॅनिस्टरची पिन भिंतीतून काढून ठेवायची, आणि वीज आल्यावर डबा रिकामा करून, माध्यम टाकीच्या पाण्यात खळबळून मगच लावायचा. हे मला माहीत होतं. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

खात्री

तेव्हा उरली लहान मादी. ती डिसेंबरपर्यंत साडेआठ सेंटिमीटरची झाली, तयार दिसू लागली. आता मला तो जुना हिशेब पुरा करायचा होता : वीण शंखामुळे जमली, की मी पाण्यात लुडबूड थांबवल्यामुळे? म्हणून पाणी जसं होतं तसंच ठेवलं, सोडा नाही, मॅग्नेशियम नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये शंख काढून तीच सुगडं परत ठेवली. भाचीने हरकत घेतली, टकल्या पुन्हा खाईल म्हणून. मी म्हटलं, बघू या.

महिनाअखेरीस मादी सुगडात. तिसऱ्या दिवशी सुगड रिकामं.

फेब्रुवारीत सुगडं काढली, शंख ठेवले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शंखातून पिल्लं आली, छत्तीस. पाणी तेच, नर तोच, मादीही तीच. बदललं ते फक्त दार. एका टाकीवरून शास्त्र लिहीत नाही मी, पण मॅग्नेशियमचा डबा तेव्हाच कारखान्यातल्या सहकाऱ्याला देऊन टाकला, गुलाबांसाठी.

एप्रिल २०२४ च्या विणीतली तेहतीस जगली. वर्षाची झाली तेव्हा चार-साडेचार सेंटिमीटरची होती. दहा मित्रांकडे गेली, सहा भाचीच्या तीन फुटी टाकीत आहेत, बाकी माझ्याकडे. भाचीकडचे वयात येतील तेव्हा त्यांना त्यांच्या मापाचे शंख लागतील, आणि नर वाढत राहील तशी मापं बदलतील. टकल्यासाठी आज जे अरुंद आहे ते त्याच्या लहानपणी प्रशस्त होतं.

आत्या गेल्या महिन्यात पुन्हा द्वारकेला गेली. जाताना मी तिच्या पर्समध्ये दहा रुपयांचं एक नाणं आणि साडेतीन सेंटिमीटरची पुठ्ठ्याची एक चकती ठेवली. नाणं सत्तावीस मिलिमीटरचं असतं. "नाणं तोंडातून आत जाईल आणि चकती जाणार नाही, तसलेच घे," एवढं सांगितलं. तिने सतरा आणले. दुकानदार तिला नाणं घालून बघताना पाहत होता म्हणे, शेवटी त्याने विचारलं, "माजी, पैसा टिकतो का यात?"

सतरापैकी चौदा मापात आहेत. उकळायला ठेवलेत.